सहीचा कागद आणि एलिझाबेथ प्रॉक्टर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गेले काही आठवडे आर्थर मिलर यांच्या ‘द क्रूसिबल’ या नाटकाच्या शेवटावर वाचकांची पत्रे येत आहेत आणि ती मी एकही न चुकवता वाचली आहेत. जॉन प्रॉक्टरने चेटकाच्या कबुलीजबाबाचा कागद फाडला नसता तर त्याचे आणि त्याची पत्नी एलिझाबेथ हिचे पुढे काय झाले असते, असा प्रश्न एका वाचकांनी विचारला आणि त्याला धरून निरनिराळे शेवट सुचवले गेले. कोणी प्रॉक्टरला सही करू देऊन सुखरूप घरी आणले, कोणी एलिझाबेथला न्यायालयात खरे बोलायला लावून तिच्यावर आरोप करणाऱ्या ॲबिगेलचे बिंग फोडले, तर कोणी दोघांना मुलाबाळांसह सेलम गाव सोडायला लावले. पडदा पडल्यावरही प्रेक्षकाची हळहळ ओसरत नाही, यात त्या नाटकाचे मोठेपण आहेच. तरीही ही पत्रे वाचताना मला सारखे वाटत राहिले की, या प्रत्येक नव्या शेवटात ठरवतो तो प्रॉक्टर, आणि एलिझाबेथच्या वाट्याला येतात ते केवळ त्याच्या ठरवण्याचे परिणाम. मूळ नाटकात ती इतकी रिकामी नाही, आणि ज्या सेलमवरून हे नाटक घडले तिथल्या कागदपत्रांत तर मुळीच नाही. तेवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चाळीसएक वर्षांपूर्वी आमच्या गावातील एका हौशी नाट्यमंडळाने या नाटकाचे मराठी प्रयोग केले, तेव्हा एलिझाबेथची भूमिका माझ्याकडे होती. शेवटच्या प्रसंगात बाहेर ढोल वाजू लागताच गुडघ्यांवर कोसळून हंबरडा फोडायचा, अशी मला सूचना होती आणि मी ती इमानाने पाळली. प्रेक्षागृहात हुंदके ऐकू येत आणि आम्ही त्यालाच यश समजत होतो. पुढे कधीतरी मूळ इंग्रजी संहिता हाती आली, तेव्हा लक्षात आले की तिथे ती कोसळत नाही. रेव्हरंड हेल तिला परोपरीने विनवतो की, अजून वेळ आहे, धाव, त्याला परत बोलाव. आणि ती तुरुंगाच्या खिडकीचे गज धरून जागच्या जागी उभी राहते. त्याला त्याचा चांगुलपणा आता गवसला आहे, तो मी त्याच्याकडून काढून घेणार नाही, अशा अर्थाचे ती बोलते आणि नाटक संपते. त्या प्रयोगांत रडून मी तिचा सर्वांत मोठा निर्णय प्रेक्षकांपासून झाकला, याची रुखरुख मला आजही आहे.

ज्यांनी नाटक पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडी हकिगत सांगते. हे नाटक २२ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रथम रंगमंचावर आले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम या प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरणाच्या ख्रिस्ती पंथाच्या, वस्तीत १६९२ साली चेटकाच्या आरोपांवरून जे खटले झाले, त्यांवर ते आधारलेले आहे. नाटकातला प्रॉक्टर पस्तिशीचा शेतकरी आहे आणि घरी कामाला असलेल्या सतरा वर्षांच्या ॲबिगेल विल्यम्सशी त्याचा संबंध आलेला आहे. एलिझाबेथने तिला कामावरून काढून टाकले आहे. पुढे गावात मुली आचके देऊ लागतात, नावे घेऊ लागतात, आणि ॲबिगेल एलिझाबेथचे नाव घेते. अखेर प्रॉक्टरवरही तोच आरोप येतो; जीव वाचवण्यासाठी तो कबुलीजबाबावर सही करतो, पण लगेच तो कागद फाडून फासावर जातो. प्रत्यक्षात १६९२ साली जॉन प्रॉक्टर साठीचा होता, एलिझाबेथ त्याची तिसरी पत्नी होती, आणि ॲबिगेल जेमतेम अकरा-बारा वर्षांची होती. त्यांच्यात तसला काही संबंध असल्याचा कोणताही पुरावा नाही. म्हणजे ज्या संसाराला आपण इतके शेवट सुचवतो आहोत, तो बऱ्याच अंशी मिलर यांनी रचलेला संसार आहे.

मात्र तो त्यांनी हवेतून रचला नाही. ११ एप्रिल १६९२ रोजी एलिझाबेथची चौकशी झाली, तेव्हाची एक नोंद उपलब्ध आहे. ॲबिगेलने तिला मारण्यासाठी मूठ उगारली; हात जवळ येताच मूठ उघडली, वेग मंदावला आणि बोटे एलिझाबेथच्या डोक्यावरील टोपीला अगदी हलकेच टेकली; लगेच ती पोर ‘माझी बोटे जळाली’ म्हणून ओरडली. या एका नोंदीतून मिलर यांना त्या मुलीच्या आणि त्या बाईच्या नात्याचा धागा दिसला, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. मला ही नोंद वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. या नाटकाचा उगम प्रॉक्टरच्या बाणेदारपणात नाही. आपल्या दिशेने येणारी ती मूठ बघत शांत उभ्या राहिलेल्या बाईत तो आहे.

दुसऱ्या अंकाची सुरुवात आठवून पाहा. प्रॉक्टर शेतातून घरी येतो. चुलीवर पातेले रटरटत असते. तो आतले कालवण चाखतो, ते त्याला अळणी लागते, आणि बायको खोलीत नसताना तो त्यात चिमूटभर मीठ टाकतो. जेवायला बसल्यावर तोच तिला म्हणतो की, चव छान उतरली आहे. आणि ती सुखावते. विवाहावर लिहिलेल्या कितीतरी लांब संवादांपेक्षा ही चिमूटभर मिठाची गोष्ट मला मोठी वाटते. दोघेही एकमेकांशी बरे वागू पाहत आहेत आणि दोघांनाही ते जमत नाही. थोड्याच वेळात तो चिडून तिला म्हणतो की, तू माझा सारखा न्यायनिवाडा करत असतेस. आणि ती उत्तर देते की, न्याय करणारा तुझ्याच अंतःकरणात बसलेला आहे. सुचवलेला कोणताही शेवट या चुलीपाशी तपासून घ्यायला हवा, असे मला वाटते.

एका गोष्टीचे मला नवल वाटले. नाटकात या दांपत्याला वाचवणारी जी खरीखुरी वाट मिलर यांनी स्वतः उघडून ठेवली आहे, तिचा उल्लेख एकाही पत्रात आला नाही. तिसऱ्या अंकात मुली खोटे बोलत असल्याची तक्रार घेऊन प्रॉक्टर न्यायालयात येतो, तेव्हा खटले चालवणारा नायब गव्हर्नर डॅनफर्थ त्याला सांगतो की, तुझी पत्नी गरोदर असल्याचे सांगते. तसे असेल तर तिला मूल होईपर्यंत फाशी नाही, हे वर्ष तरी ती जगेल. मग आता तुझी तक्रार मागे घेतोस का? प्रॉक्टर क्षणभर घुटमळतो. त्याच्या शेजारी फ्रान्सिस नर्स आणि जाइल्स कोरी उभे असतात आणि त्यांच्याही बायका तुरुंगात असतात. तो नाही म्हणतो. इथे तो हो म्हणाला असता तर त्याला व्यभिचाराची कबुली द्यावी लागली नसती, एलिझाबेथला साक्षीला आणले गेले नसते, तो घरी गेला असता. आणि इतिहासात घडले तसे काही महिन्यांत ते न्यायालयच बरखास्त झाले असते. संसार वाचवण्याचा हा सर्वांत सोपा आणि सर्वांत संभवनीय मार्ग होता. पण फ्रान्सिसची बायको रेबेका नर्स हिच्या कोठडीशेजारच्या कोठडीत बसून एलिझाबेथला त्या सुटकेचे काय वाटले असते, हे त्या क्षणी तिला कोणीही विचारत नाही. तिच्या पोटातल्या मुलावर सौदा चालतो आणि ती त्या दालनात हजरही नसते. प्रॉक्टरचा नकार मला थोर वाटतो. तरी तो तिला न विचारता दिलेला नकार आहे, ही बोच त्या प्रसंगात आहे आणि प्रयोगात ती दिसली पाहिजे.

त्यानंतर तिची साक्ष येते. एलिझाबेथने तिथे खरे सांगितले असते तर सगळे टळले असते, असे अनेकांनी लिहिले आहे. प्रॉक्टरने आपल्या पापाची कबुली आधीच दिलेली आहे आणि माझी बायको कधीच खोटे बोलत नाही, अशी ग्वाहीही दिली आहे. तिला आत आणतात तेव्हा नवरा आणि ॲबिगेल दोघेही पाठमोरे उभे केलेले असतात. ती त्याच्याकडे बघू पाहते, तर डॅनफर्थ तिला दटावतो. आजारपणात मला संशय आला होता, असे ती चाचरत सांगते, आणि अखेर नवऱ्याने व्यभिचार केला का या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देते. आयुष्यात एकदाच ती खोटे बोलते आणि त्याच खोट्याने तो बुडतो.

खऱ्या उत्तराने दोघे सुटले असते, हे मात्र मला पटत नाही. त्याच अंकात डॅनफर्थने मोठ्या अभिमानाने सांगितले आहे की, आपल्या सहीने सुमारे चारशे माणसे तुरुंगात आहेत आणि बहात्तर जणांना फाशीची शिक्षा झालेली आहे. ॲबिगेल लबाड ठरली तर त्या साऱ्या सह्या लबाड ठरतात. असा मनुष्य एका बाईच्या साक्षीवर आपल्या सह्या मागे घेणार नाही. त्याने दुसरी पळवाट काढली असती. पण समजा, सुटले असते. तरी एलिझाबेथ भर न्यायालयात पुन्हा नवऱ्याचा निवाडा करणारीच ठरली असती, ज्याबद्दल तो चुलीपाशी तिच्यावर चिडला होता. तिच्या खोट्यात तिचे प्रेम पहिल्यांदा दिसते, आणि ते त्यालाही तिथेच पहिल्यांदा दिसते. चौथ्या अंकातील त्या दोघांची भेट या खोट्याशिवाय उभीच राहू शकत नाही. म्हणून तिला खरे बोलायला लावणारा शेवट मला सगळ्यांत अधिक नुकसान करणारा वाटतो.

चौथ्या अंकात सगळ्यांना प्रॉक्टरकडून काहीतरी हवे आहे. डॅनफर्थला चर्चच्या दारावर ठोकण्यासाठी त्याची सही हवी आहे. गावचा धर्मोपदेशक पॅरिस याला स्वतःच्या जिवाची भीती आहे, म्हणून त्याला कबुली हवी आहे. हेलला आपल्या हातावरचे रक्त धुवायचे आहे. प्राण ही ईश्वराची सर्वांत मोठी देणगी आहे, ती तत्त्वासाठी उधळू नये, असे तो एलिझाबेथला सांगतो, आणि हा तर सैतानाचा युक्तिवाद वाटतो, असे ती त्याला ठामपणे सुनावते. मग तिला नवऱ्याजवळ एकटीला सोडतात, ती तिने त्याचे मन वळवावे म्हणून. ती त्याला जाइल्स कोरीच्या मरणाची हकिगत सांगते, मुलांची खुशाली सांगते. माझ्या घरात ऊब नव्हती, तुझ्या चुकीत माझाही वाटा होता, हे ती कबूल करते. त्या तुरुंगात कोणाच्याही दडपणाविना, कोणत्याही कागदाविना दिलेली ही एकमेव कबुली आहे. तो तिला वारंवार विचारतो, मी काय करू? ती सही कर म्हणत नाही, करू नकोही म्हणत नाही. तू काहीही केलेस तरी ते एका चांगल्या माणसाने केलेले असेल, इतकेच ती सांगते. काही वाचकांनी याला तिची अगतिकता म्हटले आहे. मला वाटते, पोटात मूल असताना, जिवंत नवरा समोर असताना, एका शब्दाने तो परत मिळेल हे माहीत असताना तो शब्द न उच्चारणे, हे त्या नाटकातले सर्वांत अवघड कृत्य आहे. प्रॉक्टर सही करतो आणि कागद फाडतो; तिने तर कागद पुढे सरकवलाच नाही.

शेवट बदलण्याचा मोह मोठमोठ्यांनाही झाला आहे. १९५७ सालच्या फ्रेंच चित्रपटाची पटकथा ज्याँ-पॉल सार्त्र यांनी लिहिली आणि त्यात गावातील वर्गसंघर्ष पुढे आणून अखेरीला लोकांच्या उठावाची जोड दिली. इव्ह माँताँ आणि सिमोन सिन्योरे या खऱ्याखुऱ्या पतिपत्नींनी त्यात प्रॉक्टर दांपत्य उभे केले होते. स्वतः मिलर यांनी जंगलात प्रॉक्टर आणि ॲबिगेल भेटतात असा एक प्रवेश लिहिला होता आणि नंतर तो मूळ नाटकाबाहेर ठेवला. जून १९५६ मध्ये कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीसमोर इतरांची नावे सांगायला मिलर यांनी नकार दिला, १९५७ साली त्यांना त्यासाठी दोषी ठरवण्यात आले आणि १९५८ साली अपिलात ते सुटले. प्रॉक्टरने सही करून जगायला हवे होते असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, त्याच्याकडून केवळ त्याची कबुली मागितलेली नव्हती, इतरांची नावेही मागितलेली होती.

आता खऱ्या सेलमकडे येते, कारण आपण कल्पनेने रचत असलेले बहुतेक शेवट तिथल्या कोणत्या ना कोणत्या जोडप्याने प्रत्यक्ष भोगलेले आहेत.

पळून गेले असते तर? फिलिप इंग्लिश हा सेलमचा धनाढ्य व्यापारी आणि त्याची पत्नी मेरी, दोघांवरही आरोप झाले. दोघेही बॉस्टनमधून निसटून न्यूयॉर्कला पोहोचले आणि वाचले. मागे राहिलेली मालमत्ता शेरीफने जप्त केली. चार्ल्सटाउनच्या नॅथॅनिएल कॅरी या जहाजाच्या कप्तानाने तुरुंगात आठ पौंड वजनाच्या बेड्या घातलेल्या आपल्या पत्नीला सोडवून आधी ऱ्होड आयलंडला आणि मग न्यूयॉर्कला नेले. ही वाट होती, परंतु ती पैसा आणि ओळखी असणाऱ्यांची होती.

नवऱ्याने बायकोविरुद्ध तोंड उघडले असते तर? तेही झाले. जाइल्स कोरीने आपल्या पत्नीबद्दल, मार्थाबद्दल, संशय वाढवणारी जबानी दिली. नाटकात तो तिच्या पुस्तकवाचनाबद्दल नकळत बोलून जातो, त्याहून हे गंभीर होते. नंतर आरोप त्याच्यावरही आला. त्याने खटल्याला सामोरे जायला नकार दिला, तेव्हा ऐंशीच्या घरातील त्या म्हाताऱ्याच्या अंगावर दगड रचले गेले आणि १९ सप्टेंबर १६९२ रोजी तो त्याखाली मेला. तीन दिवसांनी मार्थाला फाशी दिली. विल्यम गुडने तर भर चौकशीत सांगितले की, माझी बायको चेटकीण आहे किंवा लवकरच होईल अशी मला भीती वाटते. सेरा गुडला १९ जुलैला फासावर चढवले. तिचे तान्हे मूल तुरुंगातच दगावले आणि चार-पाच वर्षांची मुलगी साखळदंडात होती. पुढे नुकसानभरपाई वाटली गेली, तेव्हा याच विल्यमला ३० पौंड मिळाले. या आकड्यापाशी मी दर वेळी थांबते.

आणि सही कायम ठेवली असती तर? त्या वर्षी सेलममध्ये कबुली देणारे जगले आणि नाकारणारे मेले, इतका उलटा न्याय होता. पन्नासहून अधिक लोकांनी कबुली दिली. सॅम्युएल वॉर्डवेलने आधी कबुली दिली, मग ती मागे घेतली, आणि २२ सप्टेंबरला त्याला फाशी झाली. मिलर यांच्या प्रॉक्टरचा शेवट खऱ्या प्रॉक्टरपेक्षा या वॉर्डवेलच्या शेवटाशी अधिक जुळतो. खऱ्या प्रॉक्टरने कबुली दिलीच नव्हती, त्यामुळे फाडण्यासारखा कागदच नव्हता.

खरा प्रॉक्टर चौकशीच्या वेळी पत्नीच्या बाजूने उभा राहिला आणि तिथेच त्याच्यावरही आरोप झाला. २३ जुलै रोजी त्याने तुरुंगातून बॉस्टनच्या धर्मोपदेशकांना पत्र लिहिले. कबुलीसाठी पोरांना कसे छळतात, माझ्या मुलाची, विल्यमची, मान आणि टाचा एकत्र बांधून नाकातून रक्त येईपर्यंत कसे ठेवले, हे त्यात आहे. खटला बॉस्टनला हलवावा किंवा न्यायाधीश बदलावेत, अशी विनंती आहे. तो पूर्वी जिथे राहत होता त्या इप्सविचच्या ३२ जणांनी त्याच्या बाजूने अर्जावर सह्या केल्या. त्या काळात अशी सही करणे म्हणजे उद्या आपलेही नाव घेतले जाण्याचा धोका पत्करणे होते, म्हणून त्या ३२ सह्यांबद्दल मला फार आदर वाटतो. ५ ऑगस्टला दोघांना दोषी ठरवले गेले. १९ ऑगस्टला त्याला फाशी झाली. मरण्याची आपली तयारी झालेली नाही, थोडा अवधी द्या, असे त्याने कळवळून मागितले आणि ते मिळाले नाही. कबुली देत नाही म्हणून रेव्हरंड नोइस यांनी त्याच्यासोबत प्रार्थना करायलाही नकार दिला. नाटकातला प्रॉक्टर ताठ मानेने जातो; अवधी मागणारा हा साठ वर्षांचा माणूस मला त्याच्याहून कमी धैर्याचा वाटत नाही.

एलिझाबेथ गरोदर होती म्हणून मागे राहिली. जानेवारी १६९३ मध्ये तिने मुलाला जन्म दिला आणि त्याचे नाव जॉन ठेवले. मूल झाले म्हणजे तिच्या फाशीला असलेली आडकाठी संपली. त्याच सुमारास न्यायाधीश स्टॉटन यांनी आठ जणांच्या फाशीचे आदेश काढले, त्यांत आधीच्या न्यायालयाने दोषी ठरवलेले पाच जण होते; गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी ते आदेश रोखले. अशी ती वाचली.

पण ती ज्या जगात परत आली तिथे तिच्यासाठी जागा नव्हती. जॉन प्रॉक्टरच्या नावाने तुरुंगात एक मृत्युपत्र झाले होते आणि त्यात तिच्या वाट्याला काहीच ठेवलेले नव्हते. १६९६ साली तिने जो अर्ज केला, त्यात ती म्हणते की, त्या अंधाराच्या काळात कोणीतरी हे मृत्युपत्र रचून माझ्या नवऱ्यापुढे सहीसाठी ठेवले, आणि लग्नाआधी त्याने माझ्याशी केलेल्या लेखी कराराची त्यात दखल घेतलेली नाही. मला एक पैही देत नाहीत, कारण मी कायद्याने मेलेली आहे असे ते म्हणतात, असेही ती लिहिते. फाशीची शिक्षा झालेली बाई कायद्याच्या लेखी जिवंत नसते, मग तिला वाटा कसला? ती श्वास घेत होती, तान्हे मूल वाढवत होती, आणि तिच्याच घरातले लोक तिला मृत ठरवत होते.

म्हणून ‘सही कायम ठेवली असती तर’ हा प्रश्न वाचला की माझ्या डोळ्यांपुढे हा दुसरा कागद येतो. नाटकातल्या प्रॉक्टरने फाडून टाकलेल्या सहीवर आपण सत्तर वर्षे बोलत आहोत. खऱ्या प्रॉक्टरकडून एका कागदावर सही घेतली गेली आणि तिचा भार एलिझाबेथने वाहिला. तिने मात्र नवऱ्याला दोष दिलेला नाही. कोणीतरी रचून आणले, असे ती लिहिते. चार वर्षे उलटल्यावर, सगळे गमावल्यावरही ती त्याचा निवाडा करत नाही. मिलर यांनी चौथ्या अंकात तिच्या तोंडी जे घातले, त्याला हा अर्ज फार जवळचा आहे. १६९९ साली तिने डॅनियल रिचर्ड्स याच्याशी पुनर्विवाह केला. १७११ साली सरकारने भरपाई मंजूर केली, तेव्हा जॉन प्रॉक्टर आणि त्याची पत्नी यांच्या नावे १५० पौंड आले. सर्व कुटुंबांना मिळून दिलेली रक्कम ५७८ पौंड आणि १२ शिलिंग होती.

ज्या वाचकांना या दांपत्यासाठी खरोखर नवा अंक लिहायचा असेल, त्यांनी तो फाशीच्या दिवसापासून मागे न नेता पुढे न्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तुरुंगातून सुटून कडेवर जॉनला घेतलेली एलिझाबेथ घरी येते, तिथून तो अंक सुरू व्हावा. त्या घरात काय होते, हेही समकालीन लिखाणात आहे. नवराबायको दोघेही कैदेत असताना शेरीफ आला होता. काही गुरे त्याने अर्ध्या किमतीला विकली, काही कापली. पिंपातली बिअर ओतून देऊन पिंप नेले. पातेल्यातले कालवण ओतून देऊन पातेले नेले, आणि मुलांसाठी घरात काहीही ठेवले नाही. मिलर यांच्या दुसऱ्या अंकात प्रॉक्टर ज्यात चिमूटभर मीठ टाकतो, ते पातेले या नव्या अंकात चुलीवर नसेल.

आपली नम्र,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली